भांड्याखालचं नाव

२०११ च्या फेब्रुवारीत सांगलीला माझे बाबा गेले. रात्री अडीचला भावाचा फोन आला तेव्हा इथे ओहायोत खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ होता, आणि आमची ग्रीन कार्डची कागदपत्रं नेमकी अशा टप्प्यात होती की देशाबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगीचा एक कागद हातात असावा लागतो, तो आलेला नव्हता. म्हणजे जाता येणारच नव्हतं. भावानं फोन चालू ठेवून तिकडचे आवाज ऐकवले, कोण कोण आलंय ते सांगितलं, मग त्याला बोलवेना आणि फोन बंद झाला. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले ती उजाडेपर्यंत. नवऱ्यानं दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो गार झाला. मुलगी साडेचार वर्षांची, तिला काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

सकाळी नवरा ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता तेव्हा समोरच्या आजी त्यांच्या दारात दिसल्या, त्यांना त्यानं एवढंच सांगितलं की हिचे वडील गेले. समोरच्या आजी हे आमचं आपसातलं नाव, त्यांना आम्ही अर्थात त्यांच्या नावानंच हाक मारायचो, इथे तशीच रीत आहे. वय सत्तरीचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दुसऱ्या राज्यात. सगळी हयात त्यांनी शाळेची बस चालवली होती. आमची ओळख म्हणजे हात हलवण्यापुरती, कधी पार्सल घेऊन ठेवण्यापुरती.

दुपारी एकच्या सुमारास दारावर टकटक झाली. आजी उभ्या, हातात फॉइल लावलेला मोठा काचेचा ट्रे, बाहेर वारा असा की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. मिठी नाही, अध्यात्म नाही. "आय ॲम सो सॉरी, हनी" म्हणाल्या, आणि मग, "ओव्हनमध्ये साडेतीनशेवर अर्धा तास ठेव, मग फॉइल काढून अजून दहा मिनिटं. यात मांस नाहीये, मी लक्षात ठेवलंय." ट्रे हातात देऊन पाठ फिरवून चालायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चर्चमधल्या एक बाई सूप घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातला तरुण मुलगा बीन्सचा कॅसरोल घेऊन, आणि असं नऊ दिवस चाललं. नंतर कळलं की आजींनी यादी केली होती, कुणी कुठला दिवस घ्यायचा त्याची, आणि यादीच्या वर ठळक लिहिलं होतं की मांस चालत नाही, अंडंही नको. यातल्या निम्म्या लोकांना मी तोवर ओळखतही नव्हते.

आमच्या सांगलीकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात आणून ठेवतात, कुणीतरी बळंच दोन घास खायला लावतं. त्या आठवड्यात बाबांच्या घरी शेजारच्यांनी तेच केलं असणार. आणि इथे, बारा-तेरा हजार किलोमीटरवर, जिथे माझं रक्ताचं म्हणावं असं एक माणूस नाही तिथे माझ्या घरीही तेच झालं.

ट्रे धुताना मी उलटा केला तर खाली मास्किंग टेपची पट्टी, त्यावर बॉलपेननं आजींचं आडनाव. भांडं परत कुणाकडे द्यायचं ते कळावं म्हणून. माझ्या लग्नातल्या प्रत्येक स्टीलच्या भांड्यावर अशी नावं कोरलेली आहेत, अमुककडून सप्रेम भेट, खाली तारीख. मी ती पट्टी बघत सिंकपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला नीट रडू आलं.

हे सगळं सांगायचं कारण एक वाक्य आहे. अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसानं ते ऐकलंय, बऱ्याचदा म्हटलंही आहे, मीसुद्धा म्हणत होते: "यांना कसली आलीये संस्कृती, अडीचशे वर्षांचा देश." गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, सुट्टीत पुण्याला मामाकडे, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे. बर्गर, मॉल, पिक्चर, घटस्फोट, संपलं. आणि याहून विचित्र गोष्ट म्हणजे इथले लोकही तेच म्हणतात. २००९ ला समोरच्या आजी आमच्याकडे गणपती बघायला आल्या होत्या, मोदक दोन खाल्ले, समईकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडे किती सुंदर आहे हे सगळं, आमच्याकडे असं काही नाही, आम्ही नुसते अमेरिकन. तेव्हा मला ते ऐकून मनातून बरं वाटलं होतं, खरं सांगते. आता त्या वाक्याचं वाईट वाटतं.

मला वाटतं घोळ असा आहे की अमेरिकेचं जे आपल्यापर्यंत पोचतं ते विकायला काढलेलं असतं. पिक्चर, पेयं, जीन्स, फोन. जे विकता येत नाही ते देशाबाहेर जातच नाही. आजींची यादी कोण एक्स्पोर्ट करणार? मग दुकानात मांडलेला माल बघून आपण घराबद्दल मत बनवतो, आणि इथल्या माणसांना स्वतःचं घर इतकं सवयीचं झालेलं असतं की त्यालाही काही नाव असतं हे त्यांच्या लक्षात येत नाही.

दुसरा मुद्दा लोक काढतात तो उसनवारीचा. यांचं स्वतःचं असं काय आहे, सगळं कुठून ना कुठून आणलेलं. बरं, मग आपण आषाढीची साबुदाण्याची खिचडी घेऊ. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीजच्या डोंगरातला. हिरवी मिरचीही त्याच खंडांवरची, पोर्तुगीज आले त्यानंतर ती आपल्याकडे आली, म्हणजे तेराव्या शतकातल्या ज्ञानेश्वर माउलींनी मिरची चाखली असणं शक्यच नाही. उपासाला चालणारा आपला सगळ्यात पवित्र पदार्थ जवळजवळ सगळाच्या सगळा समुद्रापलीकडून आलेला आहे. भजनातली पेटी युरोपातून आली. म्हणून खिचडी आपली नाही का? माझ्या आजीच्या हातची खिचडी ज्यानं खाल्लीय त्यानं मला हे सांगून दाखवावं. वस्तू कुठून आली यावर ती कुणाची ते ठरत नाही, तिच्याभोवती माणसं कशी बसली, कुणी कुणाला शिकवली, कुठल्या दिवशी केली, यावर ठरतं.

लुइझियानातला गंबो हा पदार्थ मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा कुणीतरी सांगितलं की गंबो हा शब्द पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधून आला, अर्थ भेंडी. आपली भेंडीच. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर ती आली. त्यात फ्रेंच पद्धतीनं तुपालोण्यात परतलेलं पीठ, आणि चॉक्टॉ लोक वापरायचे ती ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड. भेंडी आफ्रिकेची, पीठ परतणं फ्रेंचांचं, पूड इथल्या मूळ रहिवाशांची, पण हा पदार्थ आफ्रिकेत नाही, फ्रान्समध्ये नाही, तो फक्त तिथेच आहे. आमच्या शेजारच्या केंटकीतलं ब्लूग्रास संगीत ऐका, बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांत, फिडल स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेलं, मँडोलिन इटलीचं, आणि बिल मन्रो नावाच्या केंटकीच्या माणसानं १९४० च्या दशकात त्यातून जे उभं केलं ते ऐकताना एक क्षणही उसनं वाटत नाही.

न्यू ऑर्लिन्सला आम्ही २०१६ च्या डिसेंबरात गेलो होतो. ट्रेमे नावाची वस्ती आहे, तिथे आता बाग आहे त्या जागी काँगो स्क्वेअर. १८१७ मध्ये शहरानं फर्मान काढलं होतं की गुलामांनी रविवारी एका ठरवून दिलेल्याच ठिकाणी जमायचं, आणि ती जागा पुढे हीच ठरली. आठवड्याचा एक दिवस, एक मोकळी जागा. तिथे ते ढोल वाजवायचे, नाचायचे, थोडंफार विकायचे. त्यांच्याकडे दुसरं काय होतं? नाव काढून घेतलेलं, भाषा काढून घेतलेली, आईपासून मूल तोडून वेगळ्या मालकाला विकलेलं. ज्यांना स्वतःचं शरीरसुद्धा स्वतःचं नव्हतं त्यांनी त्या रविवारांमध्ये जे जपलं त्याच्यापासून पुढे शंभर वर्षांत त्याच शहरात जॅझ जन्माला आला. लुई आर्मस्ट्राँग तिथलाच, जन्म १९०१. मी त्या दगडी फरशीवर उभी होते आणि माझ्या मनात आलं की अडीचशे वर्षांचा देश म्हणून आपण हात झटकतो तेव्हा या माणसांकडे आपण बघितलेलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भागात रस्त्यात गर्दी दिसली, म्हणून थांबलो. अंत्ययात्रा होती. पुढे ब्रास बँड, काळे कोट, डोक्यावर टोप्या, पावलं इतकी संथ की चालतायत की उभे आहेत ते कळू नये, आणि ट्रंपेटवर एक जुनी चर्चमधली प्रार्थना. घरची माणसं बँडच्या मागे. बराच वेळ असं चाललं. मग एका कोपऱ्यावर शवपेटीची गाडी पुढे निघून गेली, क्षणभर सगळं शांत झालं, ड्रमवर एक थाप पडली, आणि तोच बँड एकदम उसळून वाजवायला लागला, रुमाल निघाले, छत्र्या उघडल्या, मागून चालणारे अनोळखी लोक नाचायला लागले, त्या मागच्या गर्दीला तिथे सेकंड लाइन म्हणतात. रडून डोळे सुजलेली एक बाई नाचत होती. ती दुःख विसरली होती असं नव्हे, तिचं दुःख आता सगळ्यांनी मिळून उचललेलं होतं.

माझे आजोबा माळकरी होते. ते गेले तेव्हा मी अकरा वर्षांची, आणि मला लख्ख आठवतंय, भजनी मंडळ पुढे, टाळ, मृदंग, आणि अभंग म्हणता म्हणता ओलेत्या डोळ्यांनी पावली खेळणारे म्हातारे. घाटापर्यंत. ट्रेमेच्या त्या कोपऱ्यावर मी नवऱ्याचा हात घट्ट धरला, कारण मला ते सगळं ओळखीचं होतं, सूर सोडून सगळं.

हा बँड यायचा कुठून, पैसे कोण द्यायचं, हे नंतर वाचलं तेव्हा मला माझा धागा सापडला. न्यू ऑर्लिन्समधल्या काळ्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात मदत मंडळं काढली होती. दर महिन्याला थोडे पैसे टाकायचे, कुणी आजारी पडलं तर औषधपाणी, कुणी गेलं तर मातीचा खर्च आणि बँड. आपली भिशी डोळ्यांसमोर आणा, फक्त हिच्यात माणसाचा शेवट मानानं व्हावा याची हमी आहे. विमा कंपन्या त्यांना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून त्यांनी हे आपलं आपण केलं. त्या मंडळांचे वंशज असलेले क्लब आजही आहेत, आजही त्यांच्या मिरवणुका निघतात.

म्हणजे बघा, हा सगळा देशच भावकी नसलेल्यांचा. कुणी भावकी मागे टाकून बोटीत बसले, कुणाची जबरदस्तीनं तोडली गेली. आणि जिथे भावकी नाही तिथे माणसांनी ती हातानं उभी करायची, नियम लिहून, यादी करून, वाटे पाडून, हीच मला इथली अस्सल, खोल रुजलेली रीत वाटते. आपल्याकडे माणूस जन्मतःच जाळ्यात असतो, चुलते, मावश्या, पंगत, पंचक्रोशी. इथे ते जाळं विणावं लागतं आणि ते विणण्याचं कसब पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना शिकवलेलं आहे. मग त्याला संस्कृती का म्हणायचं नाही?

आमच्या गावातली आग विझवणारी मंडळी पगारी नाहीत. प्लंबर आहे, हायस्कूलात गणित शिकवणारी बाई आहे, दोन शेतकरी आहेत. रात्री दोनला पेजर वाजला की उठून जातात. या देशातले बहुसंख्य अग्निशामक असेच स्वयंसेवक आहेत हे मला माहीतच नव्हतं. बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ मध्ये फिलाडेल्फियात शेजाऱ्यांना जमवून पहिली अशी कंपनी काढली, प्रत्येकानं आपल्या चामड्याच्या बादल्या आणायच्या. देश जन्मायच्या चाळीस वर्षं आधी! वर्षातून एका रविवारी आमच्या फायर स्टेशनमध्ये पॅनकेकचा नाश्ता असतो, बंब बाहेर काढून आत टेबलं मांडतात, गाव येतं, दानपेटीत पैसे पडतात आणि त्यातून होजपाइप येतात. १८३१ मध्ये तॉकव्हील नावाचा फ्रेंच माणूस नऊ महिने हा देश फिरला, त्याला या गोष्टीचं फार नवल वाटलं होतं, की हे लोक उठसूट मंडळं काढतात, लहानमोठं कुठलंही काम असो. जवळजवळ दोनशे वर्षांनी मला तेच दिसतंय.

नोव्हेंबर लागला की इथे ऑफिसात, दुकानात, दाताच्या डॉक्टरकडे सगळे एकच विचारतात, थँक्सगिव्हिंगला जायला कुठे आहे ना? नसलं तर आमच्याकडे या. आमच्या पहिल्या वर्षी, २००३ ला, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका माणसानं असंच बोलावलं, आम्ही संकोचत गेलो तर टेबलावर आमच्यासारखेच तीन उपरे आणखी. लिंकननं १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, हा दिवस देशभर पाळायचं आवाहन केलं. त्या दिवशी देवळात जायलाच हवं असं नाही, आहेर नाही, नवे कपडे नाहीत. एकत्र बसून जेवायचं, आणि कुणाला एकटं ठेवायचं नाही.

आता जे मला टोचतं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे सगळं खोटं होईल. याच मंडळं काढणाऱ्या हातांनी इथे करारही लिहिले, की या गल्लीतलं घर काळ्या माणसाला विकायचं नाही. सूर्य मावळायच्या आत काळ्या माणसानं गाव सोडावं असा दंडक असलेली गावं होती, ओहायोतही होती. हातानं विणलेल्या भावकीला दरवाजाही हातानंच लावता येतो. आपल्याला हे कळायला काही वेळ लागायला नको, पाणवठ्यावरची भांडणं आपल्याही घरची आहेत.

आणि इथे आधीपासून असलेले लोक? आमच्या घरापासून तासाभरावर नेवार्क नावाचं गाव आहे. तिथे मातीचे बांध आहेत, पुरुषभर उंचीचे, एक अष्टकोन आणि त्याला जोडलेलं वर्तुळ. नुसत्या अष्टकोनात पन्नास एकर जमीन मावते. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी टोपल्या टोपल्या माती वाहून ते रचले. आपल्याकडे सातवाहन होते, कार्ल्याचं लेणं कोरलं जात होतं, त्या सुमाराला. चंद्र क्षितिजावर जिथे उगवतो ती जागा उत्तर-दक्षिण सरकत राहते आणि तिचा फेरा पुरा व्हायला १८.६ वर्षं लागतात, त्या फेऱ्याची टोकाची जागा या अष्टकोनाच्या अक्षावर येते. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात तीन-चार वेळा दिसणारी गोष्ट त्यांनी बघितली, लक्षात ठेवली, पुढच्या पिढीला सांगितली आणि मातीत आखली. अडीचशे वर्षांचा देश म्हणे!

त्या जागेवर शंभराहून जास्त वर्षं गोल्फ खेळत होते. खासगी क्लबाला भाड्यानं दिलेली. दोन हजार वर्षांच्या बांधांवर हिरवळ कापलेली, झेंडे लावलेले. ज्या जमाती हा आपल्या पूर्वजांचा वारसा मानतात, त्यांना ओहायोतून कधीच हाकलून दिलेलं, शेवटचे वायंडॉट लोक १८४३ मध्ये गेले. पुढे त्यांच्यासारख्या अनेक जमातींची मुलं बोर्डिंग शाळांत नेऊन केस कापले, भाषा बोललं तर शिक्षा केली, पेनसिल्व्हेनियातली कार्लाइलची शाळा १८७९ ची. अमेरिकेला संस्कृती नाही असं म्हणताना आपण नकळत त्या शाळावाल्यांची बाजू घेतो, जी पुसून टाकायला ते निघाले होते ती मुळी नव्हतीच असं म्हणतो. हे मला त्या बांधांवर उभं राहिल्यावर कळलं. २०२२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की क्लबाचा भाडेकरार मोडून जागा परत घेता येईल, २०२३ मध्ये युनेस्कोनं या स्थळांना जागतिक वारशात घेतलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून ती जागा सगळ्यांना रोज खुली झाली. आम्ही त्याच महिन्यात गेलो. कडाक्याची थंडी होती, मोजकी माणसं, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

लेक बरोबर होती, कॉलेजातून सुट्टीला आलेली. तिला लहानपणापासून शाळेत प्रोजेक्ट असायचं, युवर कल्चर, आणि ती दर वेळी माझी पैठणी आणि गणपतीचा फोटो घेऊन जायची. पण चार वर्षं हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये तिनं क्लॅरिनेट वाजवलं, त्याबद्दल तिला कधी वाटलं नाही की हेही कल्चर. ऑगस्टच्या उन्हात बारा बारा तास पाय मोजायचे, मग शुक्रवारी रात्री दिव्यांखाली शंभर पोरं मैदानावर एक आकार करतात, तो मोडून दुसरा करतात, वाजवणं न थांबवता. कोलंबस शहरात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा बँड १९३६ पासून मैदानावर चालता चालता ओहायो हा शब्द लिहितो आणि शेवटी आय अक्षरावरचा टिंब द्यायला सूझाफोन नावाचं भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा एकजण ऐटीत पुढे येतो, तेव्हा लाखभर लोक उभे राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुण्याची लक्ष्मी रोडवरची ढोलपथकं आठवून माझ्या अंगावर काटा आला होता. लेकीच्या बँडच्या ट्रकमध्ये वाद्यं चढवायला मी चार वर्षं शुक्रवारी गेलेय, बाकीच्या आयांबरोबर थंडीत उभी राहून चिली वाढलेय. तिथे मला कुणी विचारलं नाही की तू कुठली. पुढच्या आठवड्यात झाकणं तू आणशील का, एवढंच विचारायचे.

एक गोष्ट मात्र मला अजून पटत नाही. हे लोक संकट आलं की धावून येतात, पण रोजच्या दिवसात डोकावत नाहीत. कुणाच्या घरात न सांगता जायचं नाही, दुःख विचारायचं नाही, म्हातारपणात मुलांवर ओझं व्हायचं नाही. आपल्याकडे शेजारीण दिवसातून तीनदा येऊन जीव नकोसा करेल, पण पडलात तर तासाभरात कळेल तरी. समोरच्या आजी २०२२ च्या हिवाळ्यात घरात पडल्या आणि रात्रभर तशाच होत्या. मला समोर राहून कळलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, मला मात्र ते अजून छळतं, मी रोज एक चक्कर का मारली नाही, इथली रीत पाळायला मी जरा जास्तच शिकले होते. नंतर शेवटपर्यंत मी रोज जायचे, आपल्या पद्धतीनं, न विचारता, मागच्या दारानं. पहिले काही दिवस त्या अवघडल्या. मग चहाची वेळ झाली की दार उघडं ठेवायला लागल्या, आलं घातलेला चहा त्यांना आवडायचा, साखर मात्र दोन चमचे.

२०२३ च्या मे महिन्यात त्या गेल्या. मुलगा आला, सून आली. यादी या वेळी मी केली, नऊ दिवसांची, आणि कोपऱ्यावरच्या घरातला तो मुलगा, आता दोन लेकरांचा बाप, त्यानं पहिला दिवस मागून घेतला.

जूनमध्ये घर विकायला काढलं तेव्हा एस्टेट सेल होता. इथे माणूस गेलं की असं करतात, सगळं सामान टेबलांवर मांडतात, किमतीची स्टिकरं लावतात, आणि लोक येऊन घेऊन जातात. आधी मला हे फार कठोर वाटायचं. अंगणात त्यांचे कप, त्यांची शिवणयंत्राची पेटी, बसच्या कंपनीनं दिलेलं घड्याळ, सगळं उन्हात. मी ठरवलं होतं की जायचं नाही, पण सून येऊन म्हणाली, आत या, तुमचं काहीतरी बाजूला ठेवलंय.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझा स्टीलचा डबा होता. बाबांचं तेरावं झाल्यावर मी शिरा केला होता, रिकामा ट्रे परत द्यायचा नसतो म्हणून त्या ट्रेबरोबर डब्यात घालून पाठवला होता, आणि डबा परत मागायचं राहूनच गेलं. झाकणावर कोरलेलं, मावशीकडून सप्रेम भेट, १२-५-२००१. आजींना ती अक्षरं वाचता येत नव्हती, त्यावर नाव आहे हेही कळलं नसेल. मी डबा उचलून उलटा केला. खाली मास्किंग टेपची पिवळी पडलेली पट्टी होती, आणि तिच्यावर बॉलपेननं, स्पेलिंग चुकवून, माझं नाव.